ग्लासगो, मार्च १८५७: एमिल लांजेलिएला विष कोणी दिलं?

शाईपेन

ग्लासगोच्या फ्रँकलिन प्लेसमध्ये मिसेस जेन्किन्स खोल्या भाड्याने देत. २३ मार्च १८५७ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, त्यांच्या दाराची घंटा जोरजोरात वाजू लागली. रात्री बाहेर पडताना त्यांचा एक भाडेकरू ‘यायला उशीर होईल’ म्हणून दाराची किल्ली मागून घेऊन गेला होता. तरी घंटा तोच वाजवत होता. त्यांनी दार उघडलं तर तो पोट आवळून, वाकून उभा. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर आले, पोटावर मोहरीचा लेप लावायला सांगितला. ‘थोडी झोप लागली तर बरं वाटेल,’ असं तो मिसेस जेन्किन्सना म्हणाला. मिस पेरी नावाच्या ओळखीच्या बाईंना निरोप धाडा, असंही त्याने सांगितलं. त्या येईपर्यंत, सकाळी अकराच्या सुमारास, तो गेलेला होता.

त्याचं नाव पिएर एमिल लांजेलिए. जर्सी बेटावरचा, तिशी ओलांडलेला. ग्लासगोत हगिन्स कंपनीच्या गोदामात कारकून. नोकरीला लागला तेव्हा पगार होता आठवड्याला दहा शिलिंग. त्याच्या बंडीच्या खिशात एक पत्र सापडलं. आशय असा: लाडक्या, तू का आला नाहीस, मी वाट पाहत राहिले, उद्या रात्री त्याच वेळी पुन्हा थांबेन. पाकिटावर २१ मार्चचा शिक्का होता.

पत्र लिहिणारी मॅडेलिन स्मिथ. वडील जेम्स स्मिथ हे ग्लासगोतले नामवंत वास्तुविशारद, सॉकीहॉल स्ट्रीटवरची मॅक्लेलन गॅलरीची इमारत त्यांनीच रचलेली. आईचे वडील डेव्हिड हॅमिल्टन हेही मोठे वास्तुविशारद. शहरात ब्लाइथ्सवुड स्क्वेअरमध्ये ७ नंबरचं घर, उन्हाळ्यासाठी क्लाइड खाडीकाठी ‘रोअलीन’ नावाचा बंगला. लंडनजवळच्या क्लॅप्टनच्या शाळेत शिकून आलेली ही थोरली मुलगी १८५५ मध्ये एका सामाईक परिचितामार्फत एमिलला भेटली आणि पत्रं सुरू झाली. घरच्यांना कळल्यावर विरोध झाला. पत्रं थांबली, परत सुरू झाली. १८५६ च्या मे महिन्यात बंगल्याच्या बागेत दोघांचे संबंध आले. त्यानंतर ती त्याला ‘माझा नवरा’ म्हणून लिहू लागली.

ब्लाइथ्सवुड स्क्वेअरमधली तिची खोली तळघरात होती. खिडक्यांना गज, आणि खिडकी थेट रस्त्याच्या फरसबंदीला लागून. तो काठीने टकटक करायचा, गजांतून पत्रं आत-बाहेर व्हायची. एकदा आपण त्याला खिडकीतून कोको दिला, हे तिने पुढे स्वतःच्या जबानीत कबूल केलं.

याच इमारतीत स्मिथांच्या वरच्या मजल्यावर विल्यम मिनॉख हा सधन व्यापारी राहायचा. २८ जानेवारी १८५७ ला त्याने मॅडेलिनला मागणी घातली आणि तिने होकार दिला. फेब्रुवारीत तिने एमिलला लिहिलं की प्रेम आटलं आहे, माझी पत्रं परत कर. तो पत्रं देईना. उलट ती वडिलांना दाखवीन म्हणाला. तेव्हाची तिची पत्रं वाचताना अंगावर काटा येतो. ती गुडघे टेकून दयेची भीक मागते आहे. पत्रं वडिलांच्या हाती पडली तर त्या काळात तिच्यासारख्या मुलीचं आयुष्य तिथेच संपलं असतं.

मग एकाएकी सूर पालटतो. पुन्हा लाडक्या, पुन्हा ये.

त्या वेळच्या घडामोडींचा क्रम मांडतो, कारण या प्रकरणात सगळं क्रमावरच अडतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिने घरच्या पोऱ्याला औषधाच्या दुकानातून प्रुसिक आम्ल हे जहाल विष आणायला पाठवलं. दुकानदाराने दिलं नाही. २१ फेब्रुवारीला सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या मर्डॉकच्या दुकानातून तिने एक औंस आर्सेनिक घेतलं, कारण सांगितलं बागेसाठी. ६ मार्चला मैत्रिणीला सोबत घेऊन करीच्या दुकानातून पुन्हा, आणि १८ मार्चला तिथूनच तिसऱ्यांदा. या वेळी कारण उंदरांचं. १८५१ च्या कायद्यानुसार विषाच्या वहीत तिने रीतसर सही केली: एम. एच. स्मिथ. एमिल मरायच्या आधी फेब्रुवारीत दोनदा असाच आजारी पडला होता. बरा झाल्यावर मिस पेरींना तो म्हणाला की तिने दिलेली कॉफी आणि चॉकलेट घेतल्यावर मला का त्रास झाला कळत नाही. आणि हेही म्हणाला की ती मुलगी म्हणजे माझ्यावरची भूल आहे, तिने विष दिलं तरी मी तिला माफ करीन.

रॅम्सहॉर्नच्या दफनभूमीत पुरलेलं प्रेत ३१ मार्चला बाहेर काढलं आणि त्याच दिवशी मॅडेलिनला अटक झाली. प्राध्यापक फ्रेडरिक पेनी यांना त्याच्या जठरात ८२ ग्रेनहून जास्त (सव्वापाच ग्रॅमच्या वर) आर्सेनिक मिळालं. चार ते सहा ग्रेन माणसाला पुरतात.

तिची जबानी: आर्सेनिक मी पाण्यात घालून चेहऱ्याला आणि हातांना लावायला आणलं, शाळेत एकीने सांगितलं होतं. ती ‘एकजण’ कोर्टात आली आणि म्हणाली, मी असं काही सांगितलं नाही.

ग्लासगोत वातावरण इतकं तापलं होतं की खटला एडिंबरोला हलवला. ३० जून ते ९ जुलै १८५७. सरकारकडून लॉर्ड अॅडव्होकेट जेम्स मॉन्क्रीफ, बचावाला जॉन इंग्लिस, न्यायपीठावर लॉर्ड जस्टिस-क्लार्क होप यांच्यासह तीन न्यायाधीश. पंधरा जणांची ज्युरी अर्ध्या तासात परतली. फेब्रुवारीतल्या पहिल्या विषप्रयोगाच्या आरोपातून निर्दोष. दुसऱ्या विषप्रयोगाबद्दल आणि खुनाबद्दल स्कॉटलंडचा तो खास तिसरा निकाल: ‘सिद्ध झालं नाही’.

ती सुटली. माझ्या मते विष तिनेच दिलं. पण त्या ज्युरीत मी असतो तर मीही ‘सिद्ध झालं नाही’ असंच म्हटलं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या का वाटतात, हे बोलायला धागा काढला आहे. तुम्हाला काय वाटतं?


कोकमसार

एका दमात वाचलं. तारखा पाहून थबकले. मेरठला १० मे ला उठाव झाला आणि त्याची बातमी लंडनला जूनच्या अखेरीस पोचली, म्हणजे खटला सुरू व्हायच्या अगदी तोंडावर. मग तिकडच्या वर्तमानपत्रांत आपल्याकडच्या बातम्या आणि ही पत्रं शेजारी शेजारी छापली जात असणार?


शाईपेन

हो. त्या जुलैत ब्रिटिश वाचकासमोर दिल्लीच्या बातम्या आणि मॅडेलिनची पत्रं एकाच अंकात होती. कोर्टात पत्रं मोठ्याने वाचून दाखवली गेली, काही मजकूर अश्लील म्हणून गाळला, आणि उरलेला घरोघरी वाचला गेला. अविवाहित, सुखवस्तू घरातली मुलगी शरीरसुखाबद्दल पश्चात्ताप न करता लिहिते, हा धक्का अनेकांना खुनापेक्षा मोठा होता. न्यायमूर्ती होप यांनी ज्युरीपुढे त्या पत्रांबद्दल आपली नापसंती लपवली नाही.


खलबत्ता

माझं शिक्षण औषधनिर्माणशास्त्रातलं, म्हणून विषाबद्दल थोडं.

हे पांढरं आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते. चव जवळपास नाही, वास नाही, म्हणून ते विष देणाऱ्यांच्या सोयीचं. पण थंड पाण्यात ते फार कमी आणि फार हळू विरघळतं. ८२ ग्रेन म्हणजे साधारण सव्वापाच ग्रॅम, एक चमचाभर जड पूड. आणि हे फक्त जठरात उरलेलं. रात्रभर ओकाऱ्यांतून गेलं ते वेगळं, म्हणजे पोटात गेलेली मात्रा याहून बरीच जास्त. चहात घातली तर तळाशी गाळ बसेल, पिणाऱ्याच्या दाताखाली कचकच येईल. बचावाचा मुद्दा हाच होता की एवढं विष कोणाला नकळत पाजताच येणार नाही, म्हणून त्याने ते स्वतःच घेतलं.

पण कोको वेगळा असतो. तेव्हाचा कोको दाट, स्निग्ध, तळाशी चोथा राहणारा. त्यात जड पूड तरंगत राहते आणि कचकचीचा संशय येत नाही. पेनी यांनीही साक्षीत सांगितलं की कोको किंवा कॉफीतून मोठी मात्रा देता येऊ शकते. त्यामुळे ‘एवढं पाजता येणार नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

खरी अडचण रंगाची आहे. १८५१ च्या कायद्याने किरकोळ विकल्या जाणाऱ्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळणं बंधनकारक होतं, साखर-पिठात चुकून मिसळू नये म्हणून. मर्डॉकच्या मालात काजळी होती, करीच्या मालात नीळ. जठरात ना काजळी दिसली ना नीळ. यावर बचाव पक्ष म्हणाला, हे तिचं आर्सेनिकच नव्हे. पण त्याच साक्षीत हेही आलं की पेनी आणि एडिंबरोचे प्रसिद्ध विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन या दोघांनाही रंग शोधायला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि करीची नीळ इतक्या हलक्या प्रतीची होती की पाण्याने धुऊन ती बरीचशी काढता येत होती.

म्हणजे जी एक तपासणी विष कुठल्या दुकानातलं ते सांगू शकली असती, ती झाली नाही. १८३६ च्या मार्श चाचणीने आर्सेनिक सापडायची सोय झाली होती, पण मिळालेलं आर्सेनिक कोणाचं, हे ठरवायला त्या रंगाखेरीज काही नव्हतं.


रानजाई

शाईपेन, लेख उत्तम. पण एक विचारते. सगळी चर्चा तिच्या पत्रांवर चालली आहे. त्याची पत्रं कुठे आहेत?


शाईपेन

फार महत्त्वाचा प्रश्न. त्याची पत्रं तिने ठेवली नाहीत. त्याच्या खोलीत आणि कचेरीतल्या मेजात तिची दोनशेच्या आसपास पत्रं मिळाली, त्याच्या बाजूचा एखादा कच्चा खर्डा तेवढा उरला. म्हणजे या संवादातली एकच बाजू आपल्याला ऐकू येते. त्याने नेमक्या कोणत्या शब्दांत धमकी दिली, पैसे मागितले का, की लग्नाचा हट्टच धरला, हे तिच्या उत्तरांवरूनच ताडावं लागतं. पैसे मागितल्याचं त्यांत कुठेच दिसत नाही. त्याला लग्न हवं होतं.


रानजाई

मग मला दोघांचंही वाईट वाटतं, आणि हे मी जबाबदारीने म्हणते. तिच्यापुढे रस्ताच नव्हता. नकार द्यायचा अधिकार नाही, पत्रं परत मिळवायचा कायदा नाही, बापाला सांगायची सोय नाही. आज असं कोणी केलं तर त्याला आपण सरळ ब्लॅकमेल म्हणू. पण त्याचंही पाहा. कोर्टात इंग्लिस यांनी त्याला परका, पोटार्थी, बड्या घरच्या मुलीला नादी लावणारा म्हणून रंगवलं. हगिन्सचा साधा कारकून मेला आणि सभ्य ग्लासगोची सहानुभूती ब्लाइथ्सवुड स्क्वेअरकडे वळली. त्या पंधरा जणांच्या मनात हे काहीच नसेल?


तळटीप

कायद्याच्या बाजूने माझी भर. मी वकिली करतो.

आधी तिसऱ्या निकालाबद्दल. तेव्हाची स्कॉटिश ज्युरी पंधराची, साध्या बहुमताने ठरवणारी, आणि तिच्यासमोर पर्याय तीन: दोषी, निर्दोष, सिद्ध झालं नाही. शेवटच्या दोन्हींचा कायदेशीर परिणाम एकच, आरोपी सुटायचा. पण समाज दोन्ही सारखे ऐकत नसे. याच कारणावरून आणि पीडितांच्या कुटुंबांनी दीर्घकाळ लावून धरल्यामुळे स्कॉटलंडच्या संसदेने २०२५ मध्ये तो निकाल रद्द करणारा कायदा मंजूर केला.

दुसरं, तेव्हा आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देता येत नसे. ती मुभा १८९८ मध्ये आली. मॅडेलिनची अटकेनंतरची जबानी फक्त वाचून दाखवली गेली. त्यामुळे मॉन्क्रीफ यांना तिची उलटतपासणी करताच आली नाही, आणि तिलाही काही समजावून सांगता आलं नाही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एमिलची छोटी रोजनिशी. त्यात फेब्रुवारीच्या नोंदी आहेत: १९ तारखेला ‘मिमी’ला थोडा वेळ भेटलो, रात्री फार आजारी पडलो. २२ ला पुन्हा भेट, पुन्हा आजार. मिमी म्हणजे मॅडेलिन. सरकार पक्षाने रोजनिशी पुरावा म्हणून मांडली. तीन न्यायाधीशांपैकी होप आणि हँडीसाइड यांनी ती नाकारली, आयव्हरी यांनी मान्य करावी म्हटलं. दोन विरुद्ध एक. ज्याला विष दिलं गेलं त्याचा त्या आजारांबद्दलचा हा लेखी शब्द ज्युरीच्या कानावर पडलाच नाही.

हाच खटला आपल्याकडे चालला असता तर? भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम ३२ प्रमाणे (आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २६) मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा मृत्यूकडे नेणाऱ्या परिस्थितीविषयी केलेलं विधान ग्राह्य धरता येतं. बोलणाऱ्याला मरण समोर दिसत असलंच पाहिजे अशी अट नाही. इंग्लंडच्या कायद्यात ती होती, आपल्याकडे मुद्दाम ठेवली नाही. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) पकाला नारायण स्वामी प्रकरणात हे स्पष्ट केलं. एमिलची रोजनिशी महिनाभर आधीची आहे, त्यामुळे मृत्यूशी तिचा संबंध किती जवळचा यावर वाद झाला असता. पण ती दारातूनच परत गेली नसती.

आणि आता पुण्याशी जोडलेली गोष्ट. १९८२ मध्ये पुण्यात एका विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली. पुण्याच्या कोर्टाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. सारडा निकाल म्हणून वकिलीच्या पहिल्या वर्षापासून आम्ही तो वाचतो. विषप्रयोगाच्या खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर चार गोष्टी लागतात, असं त्यात सांगितलं आहे: विष देण्याचा स्पष्ट हेतू, मृत्यू त्याच विषाने झाल्याचा पुरावा, आरोपीकडे ते विष असणं, आणि ते देण्याची संधी आरोपीला मिळालेली असणं.

मॅडेलिनला या चार प्रश्नांपुढे उभी करा. हेतू आहे. मृत्यू आर्सेनिकनेच. विष तिच्याकडे होतं, सहीसकट. चौथा प्रश्न आला की मात्र सरकार पक्ष गप्प.


शाईपेन

तळटीप, माझ्या मनात जे होतं ते तुम्ही नेमकं मांडलंत. मनापासून आभार. आणि फेब्रुवारीतल्या पहिल्या आरोपातून ती पूर्ण निर्दोष का सुटली, तेही याच चौकटीत दिसतं. पहिला आजार १९ तारखेचा आणि तिची पहिली सिद्ध झालेली खरेदी २१ ची. तिथे तिसरी अटच पुरी होत नव्हती.

रानजाई, ज्युरीच्या मनात वर्गाचा विचार नसेल असं मी म्हणणार नाही. पण निकाल तेवढ्यावरच लागला असंही मानत नाही. २२ मार्चचा तो रविवार पुढे मांडतो, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.


अधांतर

मी आत्महत्येच्या बाजूने बोलतो. कोणीतरी बोलायला हवं. एमिलने याआधी प्रेमभंगानंतर जीव द्यायच्या गोष्टी केल्याचं साक्षीदारांनी सांगितलं. आर्सेनिक खाण्याबद्दल तो लोकांशी बोलत असे, हेही साक्षीत आलं. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतातले लोक ताकदीसाठी थोडं थोडं आर्सेनिक खातात, असे लेख तेव्हा मासिकांतून फिरत होते. माणूस मानी, भावनांच्या लाटांवर हेलकावणारा. मिनॉखशी तिचं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. स्वतः विष घ्यायचं आणि तिची पत्रं मागे सोडायची, म्हणजे तीही जगातून उठली. यात अशक्य काय आहे?


खलबत्ता

अशक्य नाही, पण त्याने आर्सेनिक विकत घेतल्याचा एकही पुरावा पुढे आला नाही. ज्या कायद्याने मॅडेलिनची सही वहीत आणली, तोच त्यालाही लागू होता.


शाईपेन

आणि अधांतर, त्याचं शेवटच्या दिवसाचं वागणं बघा. तो तेव्हा हवापालटासाठी ब्रिज ऑफ अॅलन या गावी गेलेला. तिचं ते ‘लाडक्या, तू का आला नाहीस’ पत्र फ्रँकलिन प्लेसला शनिवारी दुपारी पोचलं, तिथून पुढे पाठवलं गेलं आणि रविवारी सकाळी त्याच्या हाती पडलं. रविवारी गाड्यांचे वांधे. तो टपालगाडीने कोटब्रिजपर्यंत आला, तिथे भरपेट जेवला आणि एका अनोळखी सहप्रवाशाबरोबर गप्पा मारत कित्येक मैल चालत ग्लासगोला पोचला. त्या सहप्रवाशाला तो धडधाकट दिसला. घरी आल्यावर चहा घेतला, कपडे बदलले, किल्ली मागितली आणि नऊच्या सुमारास बाहेर पडला. मरायला निघालेला माणूस इतका धावत येत नाही. आणि मरताना डॉक्टर बोलवू देत नाही, झोप लागली तर बरं वाटेल असं म्हणत नाही.

नऊ वीसच्या आसपास त्याने टेरेस स्ट्रीटवर एका मित्राचं दार वाजवलं. मित्र घरी नव्हता. त्यानंतर पहाटे अडीचपर्यंत, पाच तास, एमिल लांजेलिएला जिवंत पाहिल्याचं कोणीही कोर्टात सांगितलं नाही.


क्लाइडकाठ

मी ग्लासगोत राहतो, म्हणून भूगोल सांगतो. ७ नंबरची इमारत अजून उभी आहे. ब्लाइथ्सवुड स्क्वेअर टेकाडाच्या माथ्यावर आहे आणि चहूबाजूंनी रस्ते उतरतात. मॅडेलिनच्या खोलीची बाजू चौकाकडे नाही, बाजूच्या उतरत्या रस्त्याकडे आहे. तेव्हा त्याचं नाव मेन्स स्ट्रीट होतं, आता ब्लाइथ्सवुड स्ट्रीट. त्या खिडक्यांपुढे उभं राहिलं तर लक्षात येतं की माणूस फरसबंदीवरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत उभा राहणार. आडोसा नाही. गस्तीच्या पोलिसाने साक्ष दिली होती ना?


शाईपेन

दिली होती. त्या भागात गस्त घालणाऱ्या शिपायाने एमिलला आधी तिथे पाहिलं होतं, ओळखतही होता. त्या रविवारी रात्री पाहिलं नाही, असं त्याने सांगितलं. मॅडेलिनची धाकटी बहीण जॅनेट तिच्याच बिछान्यात झोपायची. दोघी साडेदहाच्या सुमारास एकत्र झोपल्या, सकाळी उठले तेव्हा ती शेजारीच होती, असं ती म्हणाली. मोलकरीण क्रिस्तिना हॅगर्ट, जी एरवी दोघांच्या भेटींना मदत करायची, तिनेही त्या रात्री काही ऐकलं नाही. अर्थात लहान मुलगी गाढ झोपते आणि शिपाई फिरत असतो. पण ‘दिसला नसेल’ एवढ्यावर ‘भेटला होता’ सिद्ध होत नाही.


कोकमसार

पण पत्रात तर स्पष्ट बोलावणं आहे! ‘उद्या रात्री थांबेन.’ त्याला पत्र मिळालं, तो धावत आला, मेला. आणखी काय हवं?


तळटीप

‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस, हे हवं.


शाईपेन

तेच. मॅडेलिन पत्रावर तारीख घालत नसे, फार तर वार लिहायची. तारीख ठरवायची ती पाकिटावरच्या शिक्क्यावरून. आणि तपास करणाऱ्यांनी घरातून, कचेरीतून पत्रं गोळा करताना कोणतं पत्र कोणत्या पाकिटातलं याची नीट नोंद ठेवली नाही. काही शिक्के तर वाचताच येत नव्हते. इंग्लिस यांनी यावर सरकार पक्षाला पार उघडं पाडलं. हे शेवटचं पत्र खिशात पाकिटासकट मिळालं म्हणून त्याचा शिक्का निर्विवाद: शनिवार, २१ मार्च. सकाळी ते पेटीत पडलं.

आता दोन शक्यता. तिने ते शनिवारी सकाळी लिहिलं असेल तर ‘उद्या’ म्हणजे रविवार, आणि सरकारची साखळी बरोबर बसते. शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी लिहून सकाळी टाकलं असेल तर ‘उद्या’ म्हणजे शनिवार. मग शनिवारी ती थांबली, तो आला नाही, कारण तेव्हा पत्र टपालात होतं. गुरुवारीही असंच झालं होतं. तिचं आधीचं पत्र त्याला उशिरा मिळालं, दोघांचीही निराशा झाली, असं त्यानेच मिस पेरींना ब्रिज ऑफ अॅलनहून लिहिलं होतं. दुसऱ्या शक्यतेत रविवारी तो येणार हे तिला माहीतच नव्हतं. ती बहिणीसोबत साडेदहाला झोपली हेही मग स्वाभाविक ठरतं.


रानजाई

तरी तो आला असेलच की खिडकीशी. एवढा मैलोगणती चालत आलेला माणूस टकटक न करता परत जाईल का?


शाईपेन

नाही जाणार, आणि म्हणूनच मला विष तिनेच दिलं असं वाटतं. १८ तारखेचं आर्सेनिक घरात होतं. कोको तिच्या खोलीत असे. टकटक ऐकून ती उठली असेल, बहीण झोपलेली असेल, गजांतून पेला दिला असेल. सगळं शक्य आहे. पण या वाक्यातलं प्रत्येक क्रियापद ‘असेल’वर संपतं, आणि शिक्षा झाली असती तर फाशीची. बावीस वर्षांच्या मुलीला ‘असेल’वर फाशी द्यायला त्या ज्युरीतले बहुसंख्य तयार झाले नाहीत.


अधांतर

पुढे तिचं काय झालं?


शाईपेन

घरच्यांना ग्लासगो सोडावं लागलं. वडील १८६३ मध्ये वारले. मॅडेलिन लंडनला गेली. १८६१ मध्ये तिने जॉर्ज वॉर्डल या चित्रकाराशी लग्न केलं. तो पुढे विल्यम मॉरिस यांच्या सजावटीच्या वस्तूंच्या प्रसिद्ध कारखान्याचा व्यवस्थापक झाला. दोन मुलं झाली. ब्लूम्सबरीतल्या त्यांच्या घरी समाजवादी मंडळींचा राबता असे. मग नवरा-बायको वेगळे झाले, उतारवयात ती अमेरिकेला गेली, तिथे पुन्हा लग्न केलं आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लीना शीही या नावाने वारली. ती त्या रात्रीबद्दल जाहीरपणे कधी बोलली नाही.

मिनॉखशी लग्न अर्थातच झालं नाही. त्याने कोर्टात साक्ष दिली, थोडक्यात आणि सभ्यपणे.


खलबत्ता

तळटीप यांना प्रश्न. रोजनिशी ज्युरीला वाचून दाखवली असती तर निकाल बदलला असता?


तळटीप

दुसऱ्या विषप्रयोगाच्या आरोपावर बहुधा बदलला असता. २२ फेब्रुवारीची नोंद, २१ ची खरेदी आणि मिस पेरींची साक्ष एका ओळीत आली असती. भेट, विष, आजार, तिन्ही एकाच ठिकाणी. खुनाच्या आरोपावर मात्र नाही, कारण रोजनिशीतल्या नोंदी मार्चच्या मध्याआधीच थांबतात. २२ मार्चच्या रात्रीबद्दल ती काहीच सांगत नाही.